न मोजलेल्या पोळ्या

पहिली पोळी मोजायची नसते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

सावद्याच्या आमच्या घरात खापरावरच्या पुरणपोळ्या असल्या की मी चुलीपासून चार हात अंतरावर पाट टाकून बसायचे. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर पोळी टाकायची. आमची पोळी पोळपाटावर जेमतेम ताटलीएवढी होते. तिथून पुढे ती हातांवर वाढते. आई ती उचलून या हातावरून त्या हातावर खेळवायची, आधी पालथ्या पंजांवर, मग मनगटांवर, मग कोपरापर्यंत, आणि बघता बघता पोळी एवढी रुंद नि पातळ व्हायची की तिच्यातून पलीकडची चूल दिसायची. पहिली मात्र हमखास फाटायची. आई ती तशीच टाकून खापर किती तापलंय ते बघायची आणि गाईसाठी बाजूला काढायची. पोळ्या मोजायचं काम माझं. "ही नको धरू वं," ती सांगायची. मी दुसरीला एक म्हणायचे.

पुढे मी मेंदू आणि हात यांच्यामधल्या वाटांचा अभ्यास करायला लागले, दारावर 'डॉ. हर्षाली फिरके' अशी पाटी लागली, आणि लहानपणी शिकलेल्या या एका गोष्टीपायी माझ्याकडून आईच्या हाताचं वाटोळं झालं. शब्द मोठा आहे. पण दुसरा मला सापडत नाही.

पीएचडीसाठी मला असं कसब हवं होतं, ज्यात दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत कामाला लागतात आणि करणाऱ्याला "कसं करता?" विचारलं तर सांगता येत नाही. बरोबरचे लोक वादक आणि क्रिकेटवाले शोधत फिरत होते. मी आईला पुण्याला आणलं. प्रयोगशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली. आईच्या डोक्यावर जाळीची टोपी, दोन्ही हातांवर चिकटवलेले सेन्सर.

"भूत दिसत असंन मी," ती म्हणाली आणि कणीक तिंबायला बसली.

अकरा दिवस, तीनशे बारा पोळ्या. अख्ख्या विभागाचं वजन वाढलं. मी पोळ्या मोजल्या, लहानपणी मोजायचे तशाच. रोजची पहिली फाटकी पोळी नोंदींतून काढून टाकली. अकरा दिवसांच्या अकरा. मूळ फायलींनी जागा अडत होती म्हणून त्याही पुसल्या. माझ्या जागी कुणी परप्रांतातलं असतं तर त्याने विचारलं असतं, बाई, चाळीस वर्षं करताय, तरी रोज पहिली का फाटते? मी पडले घरची. मला विचारावंसं वाटलंच नाही.

उरलेल्या तीनशे एक पोळ्यांची सरासरी काढून मी आईच्या हातांचा नकाशा तयार केला. कुठल्या क्षणी मेंदूतून कोणती आज्ञा निघते आणि कोणता स्नायू किती आवळतो, याची एक सुरेख, गुळगुळीत रेघ.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण माझा गुन्हा त्यातच आहे. हात पुढे न्यायचा ही आज्ञा मेंदूच्या वरच्या पट्ट्यातून निघते आणि मेंदूच्या देठातून कण्यात उतरून स्नायूंपर्यंत पोचते. त्याच वेळी तिची एक प्रत मागच्या बाजूच्या लहान मेंदूकडे जाते. लहान मेंदू अंदाज बांधतो, की ही आज्ञा पाळली गेली तर बोटांना आता काय जाणवायला हवं. मग खरोखर काय जाणवलं, त्याची बातमी बोटांकडून येते. दोन्ही जुळलं नाही तर लगेच दुरुस्ती निघते, सेकंदाच्या दहाव्या भागात, आपल्याला पत्ताही न लागता. भरलेला समजून रिकामा तांब्या उचलला तर हात वर उडतो आणि तिथल्या तिथे सावरतो. ते सावरणं म्हणजे ही दुरुस्ती.

सराव झालेल्या हाताची आज्ञा रोज जवळजवळ तीच असते. रोज वेगळी असते ती दुरुस्ती. गहू वेगळा, हवा वेगळी, पाणी चमचाभर इकडे तिकडे. सरासरी काढली की आज्ञा उरते आणि दुरुस्त्या एकमेकींना खाऊन नाहीशा होतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आम्ही त्याला खरखर म्हणायचो. रेडिओत येते तशी. ती काढून टाकणं यालाच चांगलं काम म्हणत.

त्यानंतर आठ वर्षांनी, माघात, आईला अंघोळ करताना झटका आला. हाताकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा मेंदूच्या आत एका अरुंद गल्लीतून जातात. तिच्या डाव्या मेंदूतल्या त्या गल्लीचाच रक्तपुरवठा तुटला. बोलणं वाचलं. पाय पंधरा दिवसांत चालता झाला. उजवा हात मात्र लोंबत राहिला.

आमच्या संस्थेत तोवर 'सेतू' तयार होता. मेंदूच्या वरच्या पट्ट्यावर नखाएवढी एक चकती, मानेत कण्यापाशी दुसरी. वरची इच्छा वाचते आणि खालची स्नायूंना हलवते, मधली तुटलेली वाट टाळून. अडचण एवढीच, की वाचलेली इच्छा पुसट असते. म्हणून उरलेलं यंत्र आपल्या पदरचं भरतं, साठवलेल्या नकाशावरून. माणसाचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे टक्क्यांत ठरवता येतं. बाकीच्या रुग्णांना कुणा अनोळखी माणसाच्या हाताचा नकाशा मिळायचा. माझ्या आईला तिचा स्वतःचा मिळणार होता. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता, ते आठवलं की आज तोंड लपवावंसं वाटतं.

शस्त्रक्रिया डॉ. रेहाना तांबोळीने केली. ती माझी पंधरा वर्षांची मैत्रीण, त्यामुळे मला दरडावायचा हक्क असलेली.

"यंत्राचा वाटा तीसच्या वर न्यायचा नाही," तिने बजावलं. "झटक्यानंतर तीन-चार महिने मेंदू नव्या वाटा शोधत असतो. देठात काही जुन्या आडवाटा असतात, त्यांना तो कामाला लावतो. पण गरज पडली तर. हात आयता हलतोय म्हटल्यावर कशाला खटपट करील तो?"

"चार महिन्यांत आखाजी होऊन जाईल."

"मग होऊ दे की."

तिला काय सांगणार? आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि खापरावरच्या पोळीचा नि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला बारा वर्षं झाली होती. बाराही वर्षं ती पोळी आईने केली होती. तिच्या जावेला, सिंधूकाकूलासुद्धा तिने त्या दिवशी कणकेला हात लावू दिला नव्हता.

तीस टक्क्यांवर आम्ही तीन आठवडे काढले. पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आई रोज कणकेचा एक गोळा उचलायची. हात थरथरत जायचा, गोळ्याला लागायचा, अर्ध्यात गळायचा. मला बघवत नव्हतं. ती मात्र मजेत होती.

"आज आंगठा माहा व्हता," एकदा ती म्हणाली. "बाकीचं तुह्या मशीनचं. पन आंगठा माहा."

"बरं," मी म्हणाले, आणि खाली पडलेला गोळा उचलला. मला पडलेला गोळाच दिसत होता.

त्याच आठवड्यात संस्थेतून विचारणा झाली, की आखाजीला तुमच्या घरी कॅमेरे आणले तर चालतील का. स्वतःचे हात परत मिळालेली पहिली बाई, असं ते म्हणत होते. मी हो म्हटलं. आणि रेहानाला न विचारता, आईला न सांगता, यंत्राचा वाटा नव्वदवर नेला. आईचा थरथराट दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तिने उचललेला गोळा पडला नाही. तिने हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आनंदाने टाळ्या वाजवत होते.

आखाजीला सावद्यात पारा सेहेचाळीसवर होता. अंगणात कॅमेरेवाले घाम पुसत उभे, दारात शेजारच्या बायकांची दाटी. पीठ आणि पाणी मी प्रयोगशाळेच्या काट्यावर मोजून घेतलं होतं, आठ वर्षांपूर्वीच्या मापाने, ग्रॅमचाही फरक नको म्हणून. आईने पोळी हातांवर घेतली. पोळी वाढली, मनगटं ओलांडून कोपरापर्यंत आली, आणि अल्लद खापरावर पडली. कुठे भोक नाही, कड जाड नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सिंधूकाकू डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "माय वं, पहिलीच आन् कशी झाली पाह्य!"

आईचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. ती त्या पोळीला घाबरली होती.

तिने नऊ पोळ्या केल्या. नऊही तशाच. कॅमेरेवाले गेल्यावर तिने तव्यावर, नुसत्या डाव्या हाताने थापून, एक जाड वेडीवाकडी पोळी केली आणि घागरीपुढच्या ताटात ती ठेवली.

"आई, हे काय?" मी विचारलं. "एवढ्या सुंदर पोळ्या पडल्यात समोर."

"पहिली कदी चांगली झाली व्हती का माही?" ती म्हणाली. "ह्या चांगल्या हायेत, मी नही कुठी म्हनते. पन मी ओढते तिकडं हात येत नही वं. तुह्या आप्पाले मी कोनाची पोयी देऊ?"

माझं डोकं फिरलं. सहा आठवड्यांची दगदग, ऊन, कॅमेऱ्यापुढची ती शोभा, सगळं एकदम बाहेर आलं. "हात हवा होता ना तुला? दिला ना हात? आता अजून काय पाहिजे?"

डोळे पुसायला तिने उजवा हात उचलला. यंत्राला तिची इच्छा पुसटशीच कळली, आणि उरलेलं त्याने नकाशावरून भरलं. हात पंजा पालथा करून, पोळी घ्यायला निघाल्यासारखा, तोंडासमोर हवेत थांबला. मग तिने डाव्या हाताने डोळे पुसले. मी ते पाहिलं आणि तरीही माफी मागितली नाही, कारण मी चिडलेली होते आणि मला मीच बरोबर वाटत होते.

जूनअखेर चार महिने उलटले. आता हळूहळू यंत्राचा वाटा उतरवायचा असं ठरलेलं होतं. सत्तरवर हात मंदावला. पन्नासवर अडखळला. तीसवर, जिथे मार्चमध्ये निदान थरथरत का होईना जात होता, तिथे तो मांडीवर पडून राहिला. रेहानाने यंत्राची नोंदवही मागवली, आणि मला कबूल करावं लागलं.

ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने यंत्राने गाळून टाकलेला मूळ सिग्नल पडद्यावर लावला. तीस टक्क्यांचे दिवस. कणकेला बोट लागलं, की त्यानंतर बरोबर सेकंदाच्या दहाव्या भागाने एक बारीक टोक उठत होतं. प्रत्येक स्पर्शाला. लहान मेंदूकडून आलेली दुरुस्ती, कुठल्यातरी आडवाटेने वर पोचलेली. मग नव्वद टक्के. टोकं तरीही उठत होती. नकाशात बसत नव्हती म्हणून यंत्र ती प्रत्येक वेळी खोडत होतं. ती पुन्हा उठत होती. आखाजीच्या नऊ पोळ्यांमध्ये सगळ्यांत उंच होती. त्यानंतर रोज थोडी कमी. मे संपता संपता एका दिवशी एकही नाही, आणि त्यापुढे सपाट रेघ.

त्या सपाट दिवसासमोर माझ्या हातची नोंद होती. 'खरखर पूर्ण थांबली. सिग्नल स्वच्छ. उत्तम प्रगती. ह. फि.' त्या दिवशी आम्ही विभागात पेढे वाटले होते.

"ती खरखर नव्हती," मी म्हणाले.

रेहाना म्हणाली, "एक उपाय आहे. तू आठ वर्षांपूर्वी नोंदी केल्यास ना? त्यातली दिवसाची पहिली पोळी हवी. कसबी माणूस पहिल्या खेपेला कणीक ओळखून घेत असतो, दुरुस्त्या तिथे सगळ्यांत मोठ्या असतात. त्या दाखवून यंत्राला तिची खूण शिकवता येईल. अजून बारीकसं काही उरलं असेल तर ते त्याला सापडेल."

"त्या नाहीत."

"अगं, अकरा दिवस होते म्हणालीस."

"पहिल्या नाहीत. त्या मोजायच्या नसतात, रेहाना."

तिला ते कळलं नाही. मी समजावून सांगितलंही नाही. आईला आम्ही यंत्र बंद करून आधीच घरी पाठवलं होतं. मी उठले आणि सावद्याची गाडी पकडली.

आई ओसरीवर डाव्या हाताने तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. नव्वद टक्के, ती टोकं, पेढे, पुसलेल्या अकरा पोळ्या. सांगताना मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून सुपातल्या तुरीकडे बघत होते.

"मले ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"मी ओढे, अन् ते मले ओढू दे नही. रोजची ओढाताण. मंग एक दिवस देलं सोडून."

"मला सांगायचं नाहीस का, आई?"

"सांगलं व्हतं की आखाजीले." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "तू चिडली. अन् त्याच्यावर तू इतकी खूश दिसून राह्यली व्हती. म्हटलं पोरीची हौस हाये, होऊ दे तिच्या मनासारखं."

मी रडले. तिने डाव्या हाताने माझं डोकं मांडीवर घेतलं. तिचा उजवा हात तिथेच होता, माझ्या गालाशी, आणि तो हलला नाही. यंत्र चालू असतं तर कदाचित हलला असता, पोळी घ्यायला.

"काढून टाक ते," ती म्हणाली. "माहा नसन तर दुसऱ्याचा कायले मिरवू?"

रेहानाने ऑगस्टमध्ये दोन्ही चकत्या काढल्या. व्यायाम सुरू ठेवले. खांदा थोडा उचलला जातो, बोटं नाहीत. नोकरी मी सोडली नाही. उलट आता सेतू बसवणाऱ्या प्रत्येक केंद्राला मी स्वतः फोन करते आणि पहिले चार महिने वाटा तीसच्या वर नेऊ नका म्हणून सांगते. लोक ऐकतात. माझ्या आईला त्याचा काही उपयोग नाही.

पुढच्या आखाजीला घरात आम्ही दोघीच होतो. वजनकाटा नव्हता. कणीक आईने डाव्या हाताने तिंबली, सकाळचा अर्धा वेळ त्यातच गेला. पोळी ताटलीएवढी लाटून झाल्यावर ती म्हणाली, "ये. माह्या उजव्या अंगाले बस."

एका पोळीला दोन हात लागतात. डावा तिचा, उजवा माझा. खांद्याला खांदा लावून आम्ही चुलीसमोर बसलो. पोळी तिच्या हातावरून माझ्या हातावर आली, परत गेली, पुन्हा आली आणि माझ्या मनगटावर फाटली.

"ही पहिली," आई म्हणाली. "नको धरू."

दुसरी घेतली. या वेळी माझं बरं चाललं होतं, निदान मला तसं वाटलं. पोळी वाढत गेली. मग एकदम तिचा डावा हात थांबला. त्याला काहीतरी कळलं होतं आणि आता उजव्याने सावरावं म्हणून तो वाट बघत होता. ते सावरणं मला येत नव्हतं. अकरा दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं, आणि मी ते पुसून टाकलं होतं. पोळी मधोमध फाटली.

"ही पन पहिलीच," आई म्हणाली.

कणीक संपेपर्यंत सात झाल्या. सातही फाटल्या. प्रत्येक वेळी तिने तेच म्हटलं, तितक्याच शांतपणे. शेवटची खापरावरून काढून तिने तुकडे ताटात जुळवले, शेजारी आमरसाची वाटी ठेवली आणि ताट आप्पांच्या घागरीपुढे सरकवलं.

"किती झाल्या वं?" तिने विचारलं.

मोजायचं काम अजून माझंच होतं.

"एकही नाही, आई," मी म्हणाले.